समुद्राचे वकीलपत्र

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या व्यासपीठावर वकिलाविषयी बोलण्याचा प्रसंग सहसा दोनच कारणांनी येतो. त्याने एखादा गाजलेला राजकीय खटला चालवलेला असतो, नाही तर तो निवडणुकीला उभा असतो. आज मी ज्या वकिलाविषयी बोलणार आहे त्यांच्या बाबतीत यांपैकी एकही कारण लागू पडत नाही. सत्या नंदन हे त्यांचे नाव. फिजी बेटांच्या राजधानीत, सुवा येथे १९३६ साली त्यांचा जन्म झाला. लंडनला ते कायदा शिकले, लिंकन्स इनमधून १९६५ साली बॅरिस्टर झाले, सुवाला परतून काही वर्षे त्यांनी वकिली केली, आणि १९७० साली फिजी स्वतंत्र झाले तेव्हा त्या नव्या राष्ट्राच्या संयुक्त राष्ट्रसंघातील कचेरीत ते दाखल झाले. २०२० साली त्यांचे निधन झाले. मधल्या जवळजवळ चार दशकांत त्यांनी समुद्राच्या कायद्याखेरीज दुसरे फारसे काही केले नाही.

त्यांचे चरित्र सांगणे हा माझा हेतू नाही. समाईक मालकीचे तत्त्व आपण सभांतून मांडतो, ठरावांतून मांडतो. परंतु ते तत्त्व कायद्याच्या भाषेत उतरवायचे झाले, आणि तेही ज्यांच्याजवळ जहाजे, यंत्रे व पैसा आहे त्यांच्या समोर बसून उतरवायचे झाले, तर काय होते? काय हाती राहते आणि काय सोडावे लागते? नंदन यांची कारकीर्द या प्रश्नाचे जिवंत उदाहरण आहे, आणि त्यांनी केलेल्या एका तडजोडीचा निकाल आज आपल्या डोळ्यांदेखत लागत आहे.

प्रथम फिजीविषयी दोन शब्द. १८७९ ते १९१६ या काळात इंग्रज सरकारने साठ हजारांवर हिंदी मजूर गिरमिटावर फिजीला नेले. ऊस हिंदी माणसाने लावायचा आणि साखर ऑस्ट्रेलियन कंपनीने विकायची, अशी ती व्यवस्था होती. त्या मजुरांच्या वंशजांचा मोठा समाज तेथे नांदतो. नंदन हे तेथील भारतीय समाजातलेच. फिजीची जमीन सुमारे अठरा हजार चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या नगर जिल्ह्याहून थोडी अधिक, आणि तीही तीनशेवर बेटांत विखुरलेली. बेटांच्या मधला समुद्र मात्र अफाट. तो समुद्र आपला की परक्यांचा, हा प्रश्न अशा देशाला स्वातंत्र्याच्या पहिल्याच दिवशी पडतो. कारण त्या काळच्या कायद्याने दोन बेटांमधले पाणी परक्याच्या मच्छीमार जहाजांना आणि युद्धनौकांना सताड मोकळे होते.

हा कायदा आला कोठून? तोही एका वकिलानेच घडवला होता. १६०३ साली डचांनी सिंगापूरजवळ ‘सांता कातारिना’ नावाचे एक पोर्तुगीज गलबत लुटले. त्या लुटीचे समर्थन करण्यासाठी डच ईस्ट इंडिया कंपनीने ह्यूगो ग्रोशियस या तरुण विधिज्ञाला काम दिले. त्यातूनच १६०९ साली ‘मुक्त समुद्र’ या अर्थाच्या लॅटिन नावाचे त्याचे पुस्तक निघाले. समुद्र कोणाच्याच मालकीचा असू शकत नाही, तो सर्वांना खुला आहे, हे त्याचे प्रतिपादन. आपल्या किनाऱ्यावर पोर्तुगीज कर्ताझचे परवाने देत होते आणि परवाना नसलेले गलबत जप्त करीत होते, हे लक्षात घेतले की ग्रोशियसचे म्हणणे ऐकायला मोठे उदार वाटते. प्रत्यक्षात त्याचा अर्थ एवढाच झाला की ज्याची जहाजे बळकट त्याला समुद्र मोकळा. जमिनीवर खुल्या बाजाराचा जो अर्थ होतो तोच हा अर्थ. साडेतीन शतके जगाने त्यावर कारभार चालवला.

त्याला पहिला मोठा हादरा दिला तो माल्टा या चिमुकल्या देशाने. माल्टाचे प्रतिनिधी अर्विद पार्दो हेही आंतरराष्ट्रीय कायद्याचे अभ्यासक. १ नोव्हेंबर १९६७ रोजी आमसभेच्या समितीपुढे त्यांनी प्रदीर्घ भाषण केले. चार ते सहा किलोमीटर खोलीवर समुद्राच्या तळाशी मँगनीज, निकेल, तांबे आणि कोबाल्ट यांनी भरलेले बटाट्याएवढे गोळे पसरलेले आहेत, ते उचलण्याचे तंत्र लवकरच मूठभर राष्ट्रांच्या हाती येईल, आणि मग वसाहतवादाचा नवा अध्याय सुरू होईल, असा इशारा त्यांनी दिला. यावर त्यांचा उपाय वेगळा होता. हा तळ ‘कोणाचाच नाही’ असे म्हणू नका, तो ‘सर्वांचा आहे’ असे म्हणा. या दोन वाक्यांतला फरक शब्दांपुरता नाही. जे कोणाचेच नाही ते पहिला येईल त्याचे होते. जे सर्वांचे आहे त्याच्या वापरासाठी सर्वांची संमती घ्यावी लागते, आणि त्याचा लाभ सर्वांत वाटावा लागतो. १९७० च्या डिसेंबरात आमसभेने खोल समुद्राचा तळ हा मानवजातीचा समाईक वारसा आहे, असे घोषित केले. त्याच वर्षी नंदन न्यूयॉर्कला पोचले होते.

समुद्राच्या कायद्याची तिसरी परिषद डिसेंबर १९७३ मध्ये सुरू झाली आणि १९८२ पर्यंत चालली. दीडशेवर राष्ट्रे त्यात होती. मतदान शक्यतो टाळायचे, सर्वसंमती होईपर्यंत बोलत राहायचे आणि सगळे प्रश्न एकाच गाठोड्यात बांधायचे, अशी तिची पद्धत होती. म्हणजे सामुद्रधुन्यांतून युद्धनौका जाऊ देण्याच्या बदल्यात मासेमारीचे हक्क, मासेमारीच्या हक्कांच्या बदल्यात समुद्रतळ, असा तो व्यवहार. अशा ठिकाणी लहान देशाच्या प्रतिनिधीजवळ काय असते? आरमार नसते, मदतीची थैली नसते. मसुदा लिहिण्याचे कौशल्य आणि दोन्ही बाजूंचा विश्वास, एवढेच भांडवल. नंदन यांनी ते कसोशीने जमवले. दुसऱ्या समितीचे, म्हणजे प्रादेशिक समुद्र, सामुद्रधुन्या व आर्थिक क्षेत्र यांचा विचार करणाऱ्या समितीचे, ते प्रतिवृत्तक होते. सामुद्रधुन्यांवरील खासगी गट फिजी आणि ब्रिटन यांनी मिळून चालवला. कालपर्यंत ज्याची वसाहत होतो त्याच्याच शेजारी, बरोबरीच्या खुर्चीत बसून हे काम करायचे होते. १९७८ साली ज्यांना समुद्रच नाही अशा भूवेष्टित देशांना शेजाऱ्यांच्या समुद्रातील मासळीत वाटा कसा मिळावा, यासाठी एक वाटाघाटी-गट नेमला गेला. त्याचेही अध्यक्ष नंदन होते. आणि इंडोनेशिया, फिलिपीन्स, मॉरिशस यांच्या जोडीने फिजीने द्वीपसमूह-राष्ट्राची कल्पना परिषदेकडून मान्य करून घेतली. सर्वांत बाहेरच्या बेटांना जोडणारी रेषा आखायची आणि आतले पाणी त्या राष्ट्राचे मानायचे, ही ती कल्पना. फिजीच्या वाट्याला आज महाराष्ट्राच्या चौपट क्षेत्रफळाचा समुद्र आहे तो दोनशे सागरी मैलांच्या आर्थिक क्षेत्राची आणि या रेषेची मिळून झालेली कमाई.

येथे एक गोष्ट स्पष्टपणे बोलली पाहिजे. दोनशे मैलांचे हे आर्थिक क्षेत्र म्हणजे तिसऱ्या जगाचा मोठा विजय असे आपण मानत आलो. तो विजय होताच. पण अमेरिका, फ्रान्स, ऑस्ट्रेलिया यांनाही लांबलचक किनारे व दूरची बेटे आहेत. त्यांनाही या कलमाने प्रचंड समुद्र मिळाला. पार्दो यांची यावर नाराजी होती. समाईक वारशाचा समृद्ध भाग राष्ट्रांनी आपापसांत वाटून घेतला आणि मानवजातीसाठी काळोखातला तळ तेवढा उरला, असे त्यांना वाटे. त्यांचे म्हणणे मला चूक वाटत नाही. मात्र किनारी राष्ट्रांच्या हाती काहीच नसते तर तो समुद्र मानवजातीला मिळाला नसता, दूरवर मासेमारी करणाऱ्या कंपन्यांना मिळाला असता, हेही तितकेच खरे.

समुद्रतळाबाबतचा मूळ आराखडा मात्र आपल्या विचारांच्या माणसाला सुखावणारा होता. तळावरील खनिजांसाठी एक आंतरराष्ट्रीय प्राधिकरण असावे. ज्याला खाण काढायची त्याने सारख्याच मोलाची दोन क्षेत्रे दाखवावीत. त्यांतले एक त्याला मिळावे, दुसरे राखीव राहावे. त्या राखीव क्षेत्रात प्राधिकरणाचा स्वतःचा उपक्रम, त्याचे नावच ‘एंटरप्राइझ’, सर्व मानवजातीच्या वतीने खाणकाम करील. श्रीमंत राष्ट्रांनी त्याला भांडवल पुरवावे आणि कंपन्यांनी तंत्रज्ञान द्यावे, असे बंधन होते. जमिनीवरच्या खाणींवर जगणारी झांबिया, झाईर, चिली यांसारखी राष्ट्रे बुडू नयेत म्हणून उत्पादनावर मर्यादा होती. मित्रहो, जगाच्या इतिहासात सार्वजनिक क्षेत्राचा एवढ्या विस्तृत पायावरचा उद्योग कोणत्याही कायद्यात लिहिला गेला नव्हता.

तेवढ्यात रेगन आले. अमेरिकेने १९८० सालीच आपल्या कंपन्यांना खोल तळाचे परवाने देणारा स्वतःचा कायदा करून ठेवला होता. ३० एप्रिल १९८२ रोजी मतदान झाले तेव्हा १३० राष्ट्रे बाजूने, अमेरिका, इस्राएल, तुर्कस्तान व व्हेनेझुएला ही चार विरुद्ध, आणि १७ तटस्थ. १० डिसेंबर १९८२ रोजी जमेकातील माँटेगो बे येथे ११९ सह्या झाल्या. भारताची सही त्यात होती. त्याच दिवशी या संहितेला अनुमोदन देणारे पहिले राष्ट्र फिजी होते.

नंतरची बारा वर्षे अवघड गेली. नंदन १९८३ साली संयुक्त राष्ट्रसंघाचे उपमहासचिव झाले आणि समुद्राच्या कायद्याचा कारभार त्यांच्याकडे आला. साठ अनुमोदने झाल्याशिवाय संहिता अंमलात येणार नव्हती. आणि येणारी अनुमोदने जवळजवळ सगळी आशिया, आफ्रिका व लॅटिन अमेरिका यांतून येत होती. पश्चिमेची श्रीमंत राष्ट्रे बाहेर उभी. संहिता तशीच अंमलात आली असती तर जगात समुद्राचे दोन कायदे झाले असते. एक गरिबांचा, कागदावर परिपूर्ण. दुसरा श्रीमंतांचा, प्रत्यक्षात चालणारा. १९९० साली महासचिव पेरेझ द क्वेयार यांनी अनौपचारिक बैठकी सुरू केल्या. त्यांची मांडणी आणि चालना नंदन यांच्या कचेरीकडून होत होती. १९९३ साली एक निनावी मसुदा फिरू लागला. त्याच्या मुखपृष्ठावर होडीचे चित्र होते, म्हणून सगळे त्याला ‘बोट पेपर’ म्हणत. त्यातूनच २८ जुलै १९९४ चा अंमलबजावणी-करार जन्माला आला.

या कराराने काय केले? तंत्रज्ञान देण्याचे बंधन गेले. उत्पादनावरची मर्यादा गेली. ‘एंटरप्राइझ’ला भांडवल देण्याची जबाबदारी गेली, त्याने प्रथम दुसऱ्याशी भागीदारी करूनच काम करावे, असे ठरले. पंधरा वर्षांनी सारी व्यवस्था तपासून बदलण्याची जी तरतूद होती तीही गेली. प्राधिकरणाच्या कार्यकारी परिषदेत वेगवेगळ्या हितसंबंधांचे गट पाडण्यात आले, आणि सर्वांत मोठ्या अर्थव्यवस्थेसाठी, म्हणजे अमेरिकेसाठी, एक जागा राखून ठेवली. सोव्हिएत संघ कोसळला होता, सत्त्याहत्तरांच्या गटाची एकजूट ढिली झाली होती, आणि बाजार हाच देव असा घोष सगळीकडे चालू होता. आपल्या देशातही १९९१ नंतर तेच वारे वाहत होते, हे आपल्याला निराळे सांगायला नको. अमेरिकेने या करारावर सही केली. तिच्या सिनेटने मात्र आजतागायत मंजुरी दिलेली नाही. म्हणजे किंमत घेतली आणि माल दिला नाही.

मग नंदन यांनी समाईक वारशाचा सौदा केला का? समाजवादी मंडळींत असे म्हणणारे होते, आणि त्यांच्या रागाला आधार होता. मी स्वतः या प्रश्नाचा विचार दोन भागांत करतो.

पहिला भाग तत्त्वाचा. १९९४ च्या कराराने संहितेतील १३६ वे कलम, तळ व त्यातील संपत्ती हा मानवजातीचा समाईक वारसा आहे, हे वाक्य, जसेच्या तसे ठेवले. त्यावर कोणत्याही राष्ट्राला सार्वभौमत्वाचा दावा करता येणार नाही, हेही ठेवले. राखीव क्षेत्रांची पद्धत ठेवली. आणि ब्रिटन, जर्मनी, फ्रान्स, जपान यांना या वाक्याखाली सही करायला लावली. पूर्वी ही राष्ट्रे अमेरिकेच्या बरोबर परस्पर परवान्यांची व्यवस्था उभारत होती. अमेरिकेला त्या व्यवस्थेत एकटे पाडण्याचे काम या कराराने केले. याचे मोल कमी लेखून चालणार नाही.

दुसरा भाग यंत्रणेचा, आणि येथे माझे मत नंदन यांच्या विरुद्ध आहे. करारात एक पंधरावा परिच्छेद आहे. एखाद्या राष्ट्राने खाणकामाचे नियम करण्याची मागणी केली तर प्राधिकरणाने दोन वर्षांत ते पुरे करावेत. न झाल्यास आलेल्या अर्जाचा विचार नियमांवाचूनही करावा लागेल. शिवाय तज्ज्ञ आयोगाने एखाद्या योजनेची शिफारस केली तर ती नाकारण्यासाठी परिषदेत दोन-तृतीयांश मते हवीत आणि प्रत्येक गटातही बहुमत हवे. म्हणजे ‘हो’ आपोआप होते, ‘नाही’साठी डोंगर चढावा लागतो. समाईक मालमत्तेचा विश्वस्त नेमताना त्याला नकार देणेच अवघड करून ठेवायचे, हा प्रकार मला पटत नाही. पश्चिमेच्या कंपन्यांना खात्री हवी होती आणि ती त्यांना देण्यात आली, यापलीकडे त्याचे समर्थन नाही.

हे बोलत असताना त्यांच्या दुसऱ्या मोठ्या कामाकडे दुर्लक्ष करणे अन्यायाचे होईल. आणि किनाऱ्यावर काम करणाऱ्या साथींना तेच अधिक जवळचे वाटेल. दोनशे मैलांची रेषा माणसाने आखली, माशांनी ती मानलेली नाही. ट्यूनासारखे मासे हजारो मैल प्रवास करतात. कॉडसारखे मासे रेषेच्या दोन्ही बाजूंना राहतात. रेषेबाहेर उभे राहून परक्या जहाजांनी उपसा केला की आतल्यांची जाळी रिकामी. न्यू फाउंडलंडचा कॉड १९९२ साली असा काही संपला की कॅनडाला मासेमारी बंद करावी लागली आणि हजारो कुटुंबे एका दिवसात बेकार झाली. त्या उपशात कॅनडाच्या स्वतःच्या ट्रॉलरांचाही वाटा होता, हेही नमूद केले पाहिजे. १९९३ ते १९९५ या काळात या प्रश्नावर संयुक्त राष्ट्रसंघाची परिषद भरली आणि तिचे अध्यक्षपद नंदन यांच्याकडे आले. परिषद चालू असतानाच, मार्च १९९५ मध्ये, कॅनडाने खुल्या समुद्रात ‘एस्ताई’ हे स्पेनचे जहाज पकडले. दोन मित्रराष्ट्रे आरमारे घेऊन समोरासमोर आली. अशा वातावरणात ४ ऑगस्ट १९९५ रोजी करार एकमताने संमत झाला.

त्यातील दोन गोष्टी मला महत्त्वाच्या वाटतात. शास्त्रीय माहिती अपुरी आहे ही सबब पुढे करून मत्स्यसाठा राखण्याचे उपाय लांबणीवर टाकता येणार नाहीत, हे सावधगिरीचे तत्त्व त्यात सविस्तर लिहिले आहे. पूर्वी पुरावा मच्छीमाराने द्यायचा की मासे संपत आहेत. आता उपसा करणाऱ्याने सावध राहायचे. दुसरी गोष्ट चोविसाव्या कलमात आहे. छोट्या व पारंपरिक मच्छीमारांचा आणि मासळीच्या धंद्यात राबणाऱ्या स्त्रियांचा उल्लेख तेथे नावानिशी आलेला आहे. त्यांच्या उपजीविकेला बाध येऊ नये, असे बंधन तेथे घातले आहे. गोव्याचे रापणकार सत्तरच्या दशकात मतान्ही साल्ढाणा यांच्यामागे रस्त्यावर उतरले तेव्हा त्यांची मागणी तरी दुसरी काय होती? किनाऱ्यालगतचे पाणी यांत्रिक ट्रॉलरांपासून राखा, एवढीच. त्या लढ्यामुळे १९८० साली गोव्यात आणि १९८१ साली महाराष्ट्रात सागरी मासेमारी नियमनाचे कायदे झाले. आज पर्ससीन जाळ्यांच्या आणि दिव्यांच्या मासेमारीच्या तक्रारी घेऊन आपण जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो. तेथे १९८१ च्या कायद्याचा आधार आपल्याजवळ असतोच. १९९५ चा करार खुल्या समुद्राचा व भटक्या माशांचा आहे, किनाऱ्यावरच्या प्रत्येक तंट्याला तो लागू होणार नाही. परंतु भारताने तो २००३ साली स्वीकारलेला आहे. दूरच्या पाण्यात मोठी जहाजे धाडण्याची धोरणे सरकार जेव्हा आखते तेव्हा चोविसावे कलम त्याच्यासमोर ठेवण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे.

पुढे पश्चिम व मध्य पॅसिफिकमधील ट्यूनासाठी २००० साली होनोलुलू येथे जो करार झाला, त्याच्या वाटाघाटींचे अध्यक्षही नंदनच होते. जगातील निम्म्याहून अधिक ट्यूना त्या पाण्यातून निघतो. मोठ्या मच्छीमार राष्ट्रांना त्या चिमुकल्या बेटांशी टेबलावर बसून बोलावे लागले, ही गोष्ट लहान नव्हे.

१९९६ ते २००८ ही बारा वर्षे नंदन जमेकातील किंग्स्टन येथे आंतरराष्ट्रीय समुद्रतळ प्राधिकरणाचे पहिले महासचिव होते. संस्थेची घडी त्यांनी बसवली. २००० साली गोळ्यांच्या शोधाचे नियम संमत झाले, २००१ पासून शोधाचे करार होऊ लागले. आपल्या देशाचा करार मार्च २००२ चा. याची मुळे गोव्यात आहेत. २६ जानेवारी १९८१ रोजी, पणजीजवळ दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या ‘गवेषणी’ या जहाजाने तळावरचा पहिला गोळा वर काढला. ऑगस्ट १९८७ मध्ये भारत हा जगातला पहिला नोंदणीकृत ‘आद्य गुंतवणूकदार’ ठरला आणि मध्य हिंदी महासागरात दीड लाख चौरस किलोमीटरचे क्षेत्र त्याला मिळाले. त्यातले पंचाहत्तर हजार आज त्याच्याकडे आहे.

त्याच शास्त्रज्ञांनी १९९७ साली आणखी एक प्रयोग केला. आपल्या क्षेत्रात तळाचा गाळ मुद्दाम ढवळून त्याचा जीवसृष्टीवर काय परिणाम होतो, ते त्यांनी तपासले. असे प्रयोग इतरांनीही केले आहेत. पेरूच्या समुद्रात १९८९ साली जर्मन शास्त्रज्ञांनी तळ नांगरला होता. सव्वीस वर्षांनी ते परत गेले तेव्हा नांगराचे ओरखडे तसेच होते आणि जीव पुरते परतलेले नव्हते. पॅसिफिकमध्ये १९७० च्या दशकाच्या अखेरीस यंत्र फिरले होते. त्याच्या खुणा चव्वेचाळीस वर्षांनीही दिसतात. हा गोळा दहा लाख वर्षांत काही मिलिमीटर वाढतो आणि त्यावर कित्येक जीव वस्तीला असतात. तो उचलला की वस्तीच गेली. १९६७ साली कोणाला हे पुरेसे ठाऊक नव्हते. समाईक वारसा म्हणजे समाईक खाण, असाच त्या वेळी सर्वांचा समज होता, आपल्या चळवळीचाही. संपत्ती वाटून घेण्याचा विचार आपण केला, ती न काढण्याचा विचार केला नाही.

आणि आता तो पंधरावा परिच्छेद. जून २०२१ मध्ये नौरू या बेटाने, एका कॅनेडियन कंपनीच्या उपकंपनीसाठी, त्याचा आधार घेतला. हे तेच नौरू, ज्याची जमीन फॉस्फेटसाठी परक्यांनी खणून ओसाड केली आणि ज्याने त्याबद्दल ऑस्ट्रेलियाला आंतरराष्ट्रीय न्यायालयात खेचले. पोट भरण्याचे दुसरे साधन न उरलेल्या राष्ट्राला कंपन्या कशा पुढे करतात, याचा हा दाखला आहे. मी नौरूला दोष देणार नाही. दोन वर्षांची मुदत जुलै २०२३ मध्ये संपली. जुलै २०२५ च्या अधिवेशनापर्यंत खाणकामाचे नियम तयार झालेले नव्हते. तीसहून अधिक राष्ट्रांनी स्थगिती किंवा सावध विराम मागितला आहे, आणि २०२२ साली पलाऊच्या जोडीने ही मागणी उचलून धरणाऱ्यांत फिजी होते. नंदन यांच्याच देशाने त्यांच्या करारातील घाईला आवर घातला.

कंपनीला थांबायचे नव्हते. २४ एप्रिल २०२५ रोजी अमेरिकेच्या अध्यक्षांनी आदेश काढला की १९८० च्या त्या जुन्या देशी कायद्याखाली राष्ट्रीय हद्दीबाहेरच्या तळाचेही परवाने द्यावेत. पाचच दिवसांत त्याच कॅनेडियन कंपनीच्या अमेरिकन शाखेने अर्ज केला. म्हणजे १९९४ साली ज्या भीतीपोटी एवढे सगळे सोडून दिले, ती गोष्ट एकतीस वर्षांनी घडलीच. यावर कोणी म्हणेल, मग तडजोडीचा उपयोग काय झाला? मला उलट दिसते. १९८० साली अमेरिकेबरोबर अर्धे युरोप आणि जपान उभे होते. २०२५ साली या आदेशाला आक्षेप घेणाऱ्यांत चीन होता, फ्रान्सही होता. आणि ज्यांना ‘एंटरप्राइझ’ हवा होता त्यांना असेही विचारता येईल की तो १९८५ सालीच भांडवलासह उभा राहिला असता, तर आज तळ नांगरणारे पहिले यंत्र कदाचित मानवजातीच्या नावाने चालले नसते का?

राष्ट्रीय हद्दीबाहेरच्या समुद्रातील जीवसृष्टी राखण्यासाठी २०२३ च्या जूनमध्ये आणखी एक करार झाला. साठ अनुमोदने होऊन १७ जानेवारी २०२६ पासून तो अंमलात आला. समाईक वारशाचे तत्त्व त्यात पुन्हा नावानिशी लिहिलेले आहे. श्रीमंत राष्ट्रांचा त्याला विरोध होता, तरी ते लिहिले गेले. भारताने त्यावर सप्टेंबर २०२४ मध्ये सही केली.

खोल समुद्राच्या खाणकामावर मात्र भारत स्थगिती मागणाऱ्यांत नाही. २०२१ साली आपल्या सरकारने सुमारे चार हजार कोटी रुपयांची खोल समुद्र मोहीम मंजूर केली. तिच्या उद्दिष्टांत सहा हजार मीटर खोलीवरचे खाणकाम आहे. किंग्स्टनच्या परिषदेत मोठ्या गुंतवणूकदारांपैकी एक म्हणून आपल्याला जागा असते. त्या जागेवर बसणारा प्रतिनिधी आपल्या नावाने मत देतो. तेव्हा संसदेतील आपल्या मित्रांनी विचारण्यासारखे प्रश्न असे आहेत: १९९७ च्या प्रयोगात गाळ ढवळलेल्या जागेची नंतर जी पाहणी झाली तिचे निष्कर्ष साध्या भाषेत लोकांपुढे का मांडले जाऊ नयेत? अमेरिकेच्या एकतर्फी परवान्यांना भारत मान्यता देणार नाही, असे सरकार जाहीरपणे सांगेल काय? आणि नियम पुरे होण्याआधी आलेला अर्ज परिषदेपुढे ठेवला गेला, तर आपला प्रतिनिधी ‘नाही’ म्हणणाऱ्या दोन-तृतीयांशांत उभा राहील की दुसरीकडे? कोकणातील आणि गोव्यातील मच्छीमार संघटनांशी बोलून या प्रश्नांचे निवेदन पुढच्या अधिवेशनापूर्वी तयार करावे, अशी माझी सूचना आहे. त्याचा कच्चा मसुदा मी सोबत आणलेला आहे. चहाच्या सुट्टीनंतर त्यावर कलमवार चर्चा करू.